गल्ल्यात आलेली नाणी: वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं, १९८५ चा 'एच' रुपया आणि देव्हाऱ्यातली शिवराई. काय ठेवू?

दूध_आणि_चिल्लर

नमस्कार मंडळी. संगमनेरकडे एका गावात स्टँडसमोर आमचं किराणा-दुधाचं दुकान आहे. पहाटे साडेपाचला दुधाचे क्रेट उतरले की गल्ला माझ्या ताब्यात. रोज हजार-बाराशेची चिल्लर हातातून जाते. पण गेल्या महिन्यात जे झालं ते आधी सांगते, मग विचारते.

आमच्या ह्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ आला. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर पाच लाख मिळतात म्हणे. गल्ल्यात शोधली तर तीन निघाली. व्हिडिओखालच्या नंबरावर ह्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. फोटो मागवले आणि अर्ध्या तासात निरोप, "नाणं पास झालं, ४ लाख ८० हजार मंजूर." नोंदणीचे ८५० रुपये मागितले, ह्यांनी भरले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्र आलं आणि जीएसटीचे म्हणून ६,२०० मागितले. तेव्हा मी फोन हातातून काढून घेतला. आता तो माणूस रोज फोन करतोय, पैसे नाही भरले तर केस होईल म्हणतोय. ह्यांचं जेवणात लक्ष नाही.

त्या निमित्ताने मी मात्र गल्ला नीट बघायला लागले. रात्री शटर ओढलं की ताटात नाणी पसरते आणि मुलाच्या कंपासपेटीतलं भिंग घेऊन बसते. पंधरा दिवसांत एवढं बाजूला काढलंय:

वैष्णोदेवीची तीन, सगळी २०१२ ची. १९८५ चा एक रुपया, सालाच्या खाली इंग्रजी 'एच' आहे. दोन रुपयांची अकरा कोनांची दोन नाणी, त्यावर शिवाजी महाराज, १९९९. एक रुपयाचं एक स्टीलचं नाणं आहे, त्याचं चित्र एका बाजूला सरकलंय आणि कडेला नखाच्या चंद्रकोरीएवढी कोरी जागा राहिली आहे. हे हातात धरलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, म्हणून ठेवलं.

आणि सासूबाईंच्या देव्हाऱ्यात एक जाड तांब्याचं नाणं आहे, वेडंवाकडं गोल. त्यावर 'श्री राजा शिव' एवढं लागतं. त्या म्हणतात त्यांच्या आजेसासूंपासून पूजेत आहे.

मला लखपती व्हायचं नाही. यातलं खरंच वेगळं कुठलं, ते कसं ओळखायचं, आणि गल्ल्यात परत टाकायचं कुठलं, एवढं कुणी जाणत्याने समजावून सांगितलं तर बरं होईल.

काउंटर_नंबर_तीन

ताई, बँकेत रोखपाल होतो, आता निवृत्त आहे. आधी पैशांचं बोलू.

त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका आणि त्याचा फोनही घेऊ नका. केस-बिस काही होत नाही. रिझर्व्ह बँक जुनी नाणी-नोटा विकत घेत नाही, विकत नाही, त्यावर कमिशन घेत नाही आणि कुणाला घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांकडून असेच पैसे उकळले जात होते, म्हणून ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेने स्वतः पत्रक काढून लोकांना सावध केलं होतं. तुम्हाला आलेलं पत्र शंभर टक्के बनावट.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, नंबर, ते पत्र सगळं जपून ठेवा, काहीही पुसू नका. ८५० च का होईनात, तक्रार नोंदवा. आणि यजमानांना सांगा, माझ्या काउंटरवर शिकलेसवरलेले लोक असली पत्रं घेऊन यायचे. त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

नाण्यांबद्दल इथे 'त्र्यंबक_फेरी' नावाचे काका आहेत, ते सांगतीलच.

त्र्यंबक_फेरी

ताई, नमस्कार. मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो, त्यातली बरीचशी नाशिक–त्र्यंबक मार्गावर. तुमचा गल्ला तशी माझी चामडी पिशवी. रात्री डेपोत पिशवी उपडी करायची, दहा-दहाच्या चळती लावायच्या, वेबिलाशी, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाशी, ताळा जमवायचा, तोवर बोटं काळी झालेली असायची. चळत लावताना डोळे आपोआप सालाकडे जायचे. ड्युटीवर खिशातली रक्कम नोंदवून जावं लागायचं, त्यामुळे गाडीत नाणं बदलून घेतलं असं मी कधी केलं नाही. कॅश भरताना कॅशियरला सांगायचो, "साहेब, हा रुपया मला हवाय, हा घ्या दुसरा." एवढाच माझा व्यवहार. असं करत घरी दोन डबे भरले.

आधी तुमची वैष्णोदेवी. देवस्थान चालवणाऱ्या श्राइन बोर्डाला २५ वर्षं झाली म्हणून ती नाणी काढली, पाचाची आणि दहाची. चलनासाठीच काढली आणि भरपूर काढली. देवीचं नाणं म्हणून ठेवायचं तर देवाजवळ ठेवा. दुकानात त्याचे पाच रुपयेच.

नाण्यावर कुणाचं चित्र आहे यावर भाव ठरत नाही. ते नाणं किती निघालं आणि आज किती कोऱ्या स्थितीत उरलंय, यावर ठरतो. ही गोष्ट व्हिडिओवाले कधीच सांगत नाहीत, कारण ती सांगितली की त्यांचं दुकान बंद.

आता 'एच'. नाण्यावर सालाच्या खाली एक बारीक खूण असते, ती टाकसाळीची. आज रात्री ताट घेऊन बसाल तेव्हा फक्त तेवढंच बघा. पत्त्यातल्या चौकटीसारखी आकृती असेल तर नाणं मुंबईच्या टाकसाळीत पाडलेलं. चांदणी असेल तर हैदराबाद. बारीक गोल ठिपका असेल तर नोएडा, ही टाकसाळ १९८८ ला सुरू झाली. आणि खाली काहीच नसेल तर कोलकाता. माझ्या नातवाला मी हे शिकवलं तेव्हा तो दुसरीत होता, आता दुकानात सुट्टे मिळाले की तो आधी उलटं करून बघतो.

मधल्या काळात देशात चिल्लरीचा फार तुटवडा पडला. १९८५ च्या सुमाराला आणि पुन्हा १९९७ ते २००० च्या दरम्यान सरकारने बाहेरच्या देशांतून नाणी पाडून आणली. तुमचा 'एच' म्हणजे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची हीटन टाकसाळ. त्याच साली पन्नास पैशांवर 'सी' दिसला तर ते कॅनडातल्या ओटावाचं. १९९८ च्या दोन रुपयांवर लंबगोलात 'एम' म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया. त्याच सुमाराच्या एक रुपयावर 'एम'च्या डोक्यावर बारीक 'ओ' असेल तर मेक्सिको, 'एमके' असेल तर स्लोवाकियातलं क्रेमनित्सा. आणि १९९९ च्या जाड पाच रुपयांवर 'एमएमडी' म्हणजे मॉस्को. मी हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री डबा उघडून बसलो होतो. त्र्यंबकच्या बाजारात भाजी विकायला जाणाऱ्या बाईने दिलेला रुपया मेक्सिकोत पाडलेला निघाला. मला तर त्याच दिवशी त्याची किंमत वसूल झाली.

पण पैशात विचाराल तर वापरून गुळगुळीत झालेल्या 'एच' रुपयाला मला कुणी दहा-वीस रुपयांच्या वर दिलेले नाहीत. अडीच लाख वगैरे ऐकू नका. ही नाणी लाखांनी आली होती, अजूनही पिशवीत सापडतात.

महाराजांचं दोन रुपयांचं नाणं राज्याभिषेकाला ३२५ वर्षं झाली तेव्हाचं. तेही दुर्मिळ नाही. पण ते ठेवा. मी माझी चार ठेवली आहेत आणि कुणी कितीही दिले तरी विकणार नाही. आपल्याकडची अशी बरीच नाणी चलनात येऊन गेली. १९९० चा बाबासाहेबांचा रुपया, २००२ चं तुकोबांचं दोन रुपयांचं, २००७ चं लोकमान्यांचं पाच रुपयांचं. अजून अधूनमधून येतात, पण आता झिजलेली येतात.

१९९९ मध्येच ज्ञानेश्वर माउलींचा एक रुपया निघाला होता. त्याची एक आठवण सांगतो, ताई, विषय थोडा लांबेल. पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांची यात्रा भरते. २००१ ची गोष्ट. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. टाळ, पताका, गाठोडी. एका म्हाताऱ्या माउलीने पदराची गाठ सोडून तिकिटाचे पैसे माझ्या तळहातावर मोजून ठेवले. त्यात तो रुपया. तोवर मी त्याबद्दल ऐकलं होतं, बघितला नव्हता. मी म्हटलं, "आजी, यावर ज्ञानोबा माउली आहेत." तिला वाचता येत नव्हतं. तिने रुपया परत घेतला, डोळ्यांजवळ धरला, दोन वेळा कपाळाला लावला आणि गाठीतून दुसरा रुपया काढून मला दिला. तो परत गाठीत बांधला. थोरल्या भावाच्या समाधीला चाललेली बाई, ती तो रुपया कसा देईल? मला माझा मिळायला पुढे चार वर्षं लागली.

असो. तुमच्या सगळ्या यादीत मला खरं कुतूहल आहे ते त्या चंद्रकोरीच्या रुपयाचं. टाकसाळीत कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये नीट बसली नाही तर छाप सरकतो. तपासणीत अशी नाणी बाजूला काढतात, तरी एखादं निसटतं. हे खरं चुकीचं नाणं असेल तर नाणी जमवणारे त्यासाठी मनापासून पैसे देतात. पण हातोडीने ठोकून, कानशीने घासून तशी बनवणारेही आहेत. म्हणून तीन गोष्टी बघून सांगा.

एक, कोरी जागा दोन्ही बाजूंना आहे का? सरकलेल्या छापात दोन्ही बाजूंचा तुकडा जातो. एकीकडेच गेला असेल तर बहुतेक कुणीतरी घासलंय. दोन, तुमच्या गावात सोनाराकडे काटा असेल. १९९२ नंतरचा स्टीलचा मोठा रुपया, २५ मिलिमीटरचा, भरायला हवा ४.८५ ग्रॅम. छाप सरकला म्हणून धातू कमी होत नाही, त्यामुळे वजन तेवढंच भरलं पाहिजे. घासलेलं असेल तर कमी भरेल. तीन, साल दिसतंय का? साल दिसत असलेल्या चुकीला जास्त मान असतो.

आणि हात जोडून विनंती, कुठलंही नाणं चिंच, लिंबू, राख, पावडर लावून घासू नका. लोक आणायच्या आधी चकाचक करून आणतात आणि त्याच घासण्यात नाण्याचं मोल जातं. तांब्यावरचा काळपट-तपकिरी थर तयार व्हायला शंभर-दोनशे वर्षं लागतात. तो एकदा गेला की गेला.

ढब्बूपैसा

काकांनी छान लिहिलंय. मी पुण्यात असतो, मला मराठा नाण्यांचा नाद आहे, म्हणून देव्हाऱ्यातल्या नाण्यावर लिहितो.

ताई, 'श्री राजा शिव' म्हणजे ती शिवराई. दुसऱ्या बाजूला 'छत्र' आणि खाली 'पति' असं दोन ओळींत असेल. महाराजांनी रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. पण लगेच ते महाराजांच्या काळातलं धरू नका. शिवराई पुढे पेशवाई संपेपर्यंत आणि त्यानंतरही ठिकठिकाणी पाडली जात राहिली, नाव आणि अक्षरं तीच. 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा दिसल्या तर ती दुदांडी शिवराई, उशिराची आणि बरीच मिळणारी. अशी शिवराई महाराष्ट्रातल्या किती घरांत देवाजवळ आहे याची गणतीच नाही. तिची किंमत फार मोठी नाही, पण तुमच्या घरात चार पिढ्या हळदीकुंकू लागलेली आहे. सासूबाईंनी ती हलवू नये असं मला मनापासून वाटतं.

फक्त कुणी 'होन आहे, सोन्याचा शिवराई होन' म्हणून विकायला आलं तर सावध. खरा शिवराई होन अतिशय दुर्मिळ. बाजारात फिरतात ते नवे ओतलेले. अक्षरं सगळी मऊ, कडा सारख्या आणि बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले की समजायचं, हे ठशाने पाडलेलं नाही, साच्यात ओतलंय.

राम-लक्ष्मण-सीता-हनुमान असलेलं 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं तांब्याचं नाणंही तुमच्याकडे येईल, गावोगाव आहे. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. ते कुणीतरी नंतर बनवलेलं.

अजून एक लिहिणं गरजेचं वाटतं. शेतात, पाया खणताना नाणी सापडली तर ती परस्पर विकू नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. घरात वंशपरंपरेने असलेल्या नाण्याची गोष्ट वेगळी. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशात पाठवता येत नाही, हे परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा. भेट म्हणून बॅगेत टाकतात आणि विमानतळावर अडकतात.

काकांशी एका बाबतीत मात्र माझं जमत नाही. 'दुर्मिळ नाही' म्हणून हल्लीची नाणी गल्ल्यात परत टाकायला सांगू नका. आज करकरीत मिळतात ती दर वर्षाची, चारही टाकसाळींची एकेक बाजूला ठेवली तर वीस वर्षांनी तोच संच जमवायला लोक धडपडतात. २०११ च्या जूनअखेर २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, तेव्हा किलोवारी भंगारात गेली. त्यातली कोरी आज शोधत बसावं लागतं.

त्र्यंबक_फेरी

ढब्बूपैसा, बरोबर बोललात, पण तुम्ही कोऱ्याबद्दल बोलताय. ताईंच्या गल्ल्यात दुधाच्या पाण्यात भिजलेली नाणी येतात. ती ठेवून काय करायचं? कोरं मिळालं तर जरूर ठेवावं. बँकेतून नाण्यांची नवी पिशवी आली तर त्यातलं एकेक कागदात गुंडाळून बाजूला काढावं, बोटाचा ठसा न उमटवता, कडेला धरून.

२५ पैशांचं म्हणालात ते काळजाला लागलं. त्या जूनमध्ये कॅश काउंटरला मी स्वतः चार आण्यांची नाणी पिशवी भरभरून जमा केली. गेंड्याचं चार आण्याचं स्टीलचं नाणं पोरांना फार आवडायचं, गाडीत रडणाऱ्या पोराच्या हातात दिलं की गप्प बसायचं. तेव्हा मूठभर तरी बाजूला ठेवायला हवी होती.

ताई, अजून एक सांगायचं राहिलं. २०११ साली आलेल्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं आणि तुमचा तो जुना मोठा रुपया दोन्ही सारख्याच मापाचे, २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. डोळ्यांनी अधू असलेल्या प्रवाशांचा यात फार गोंधळ व्हायचा, मी दर वेळी मोठ्याने सांगायचो, "बाबा, हे दोन आहेत." तुम्ही तपासताना हे दोन एकमेकांत मिसळू देऊ नका. जवळ एक लोहचुंबक ठेवा. स्टीलची नाणी चिकटतात, १९९२ पासूनचे ते जाड, मधे खाचेची कड असलेले पाच रुपये चिकटत नाहीत, ते तांबं-निकेलचे आहेत आणि नऊ ग्रॅम भरतात. चिकटणारा जाडजूड पाच आला तर तो बाजूला ठेवा, नीट बघायला हवा.

दूध_आणि_चिल्लर

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर देता आलं नाही, लग्नसराईमुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

१९३० ला फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे विचारून घेतलं, तक्रारीचा क्रमांक आला. पैसे अजून आलेले नाहीत. पण त्या माणसाचा नंबर बंद झाला आणि ह्यांनी काल दोन भाकरी जास्त खाल्ल्या. काउंटरवाल्या काकांचं लिहिलेलं मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, शेवटचं वाक्य दोनदा.

आता रुपया. सोनार ओळखीचा आहे, त्याने काच लावलेल्या काट्यावर ठेवला. ४.८४. आणि कोरी जागा दोन्ही बाजूंना आहे, सिंहांच्या बाजूलाही कडेचा तेवढाच तुकडा गुळगुळीत. बोट फिरवलं तर कोऱ्या भागात कड अशी नाहीच, ताटाच्या काठासारखी नुसती उतरत गेली आहे. आणि नाणं पूर्ण गोल नाही, कोऱ्या बाजूला जरासं बाहेर आलंय. साल दिसतंय, १९९४, खाली चौकट. म्हणजे मुंबईचं ना?

शिवराईवर मागे दोन रेघा आहेत. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला कुणी सांगायला नको ती किती जुनी ते." आणि उचलून परत बाळकृष्णाजवळ ठेवली.

त्र्यंबक_फेरी

ताई, मुंबईचंच. आणि तुम्ही लिहिलेलं सगळं जुळतंय. ठशाभोवती एक कडं असतं, ते नाण्याला गोल धरून ठेवतं. चकती कड्यात बसली नाही की दाबाबरोबर धातू एका बाजूला पसरतो, म्हणून ते बाहेर आलंय. कड नाही तेही त्यामुळेच. घरात बसून घासणाऱ्याला हे जमत नाही. मी फोटो न बघता शपथ घेणार नाही, पण माझ्या मते तुमचा रुपया अस्सल आहे.

किमतीचं सांगतो. छाप थोडासाच सरकलेला आहे, त्यामुळे काही शे रुपयांच्या पलीकडची आशा धरू नका. छाप निम्मा सरकलेला असता तर गोष्ट वेगळी. त्याहून मोलाची ती लाखी. पाडलेलं नाणं ठशालाच चिकटून राहिलं आणि त्याखाली दुसरी कोरी चकती आली की दुसऱ्या नाण्यावर एकीकडे सुलटं आणि दुसरीकडे तेच चित्र उलटं, आत दबलेलं उमटतं, आरशात बघितल्यासारखं. ३१ वर्षांत माझ्या पिशवीत एकदाच आली. पन्नास पैशांची. सिंह दोन्ही बाजूंना, एकीकडे उठावाचे, एकीकडे खोलगट. अंगठा फिरवला तेव्हा आधी वाटलं नाणं दबलंय.

विकायचं असेल तर फोनवर नाही, समोर बसून. नाशिक, पुणे, मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा, पहिल्याच्या भावावर हो म्हणू नका. आणि जो आधी पैसे मागतो तो गिऱ्हाईक नव्हे.

कधी त्र्यंबकला आलात तर वाटेत अंजनेरीला नाण्यांचं संशोधन करणारी संस्था आहे, १९८० पासूनची, तिथे संग्रहालय आहे. माझ्या मार्गावरचंच. कितीतरी वर्षं मी नुसतं "अंजनेरी, अंजनेरी" ओरडून गाडी पुढे नेली, निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा आत गेलो. मुलाला घेऊन या. जायच्या आधी वेळ विचारून घ्या.

दूध_आणि_चिल्लर

काका, रुपया विकत नाही. मुलाने त्याला स्वतःच्या वहीच्या कागदात गुंडाळलंय आणि वर लिहिलंय 'मुंबई १९९४, ४.८४ ग्रॅम'. महाराजांची दोन नाणीही त्याच्याच डब्यात गेली. वैष्णोदेवीची दोन गल्ल्यात टाकली, एक सासूबाईंनी मागून घेतलं.

पौषात यात्रेला यायचं ठरतंय. एक विचारायचं राहिलं. काल एक दहा रुपयांचं नाणं आलं, मधली पांढरी चकती जरा हलते, कानाजवळ नेलं तर खुळखुळ वाजते. हे टाकसाळीचं की कुणी काढून बसवलेलं? फोटो उद्या सकाळी दूध उतरलं की टाकते.